बाबांचा पास तुझ्या उंचीचा आहे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत, तुझी नोकरी आणि तुझी कंबर या तिन्हींची एकदमच चौकशी करते, कारण तिन्हींपैकी एकीबद्दलही तू काही कळवलं नाहीस. इकडे सर्व ठीक. (हे रीत म्हणून लिहिलं. खोटं नको म्हणून सांगते: माझ्या कपाळावर टेंगूळ आहे, बाबा कामापुरतंच बोलतात आणि आई त्यांच्या वाटणीचंही बोलते.)

तू नोकरीचं काढलंस, बाबा म्हणाले, "मग दांडक्यांना हात लावू नकोस," आणि तू दांडक्यांचं सोड, परत आपल्या दाराच्या कडीलाही हात लावला नाहीस. पण समोरासमोर दांडके फेकून झेलायच्या खेळाला दुसरा माणूस लागतोच, आणि घरात उरलेली मी. अक्षरं, पाढे, सायकल सगळं मी घरातच शिकले, तेव्हा हेही शिकेन असं बाबांनी ठरवलं. मला विचारलं नाही. आधी एकच दांडका दिला. (बाहेरचे त्याला क्लब म्हणतात, ते मला उगाच मोठेपणाचं वाटतं.) त्यानं हवेत एक कोलांटी घ्यायची आणि दुसऱ्या हातात मुठीकडून उतरायचं. माझा दीड घेऊन जाड डोक्याकडून उतरायचा. मग दोन, मग तीन. तिसऱ्यानं दिव्याची काच फोडली. दांडका पडला की मी "चुकलं, बाबा" म्हणायचे. त्यानं ताल मोडतो म्हणून बाबांनी माफीलाच बंदी घातली, आता मी मनातल्या मनात मागते. खालचा शिंपी झाडूच्या दांड्यानं छत ठोकतो, त्या ठोक्यांवर माझा ताल मात्र सुधारला. (हे त्याला सांगितलेलं नाही. सांगायला हवं का?)

शेवटी तीन जमले आणि बाबांसमोर उभं राहायची पाळी आली. तीन फेकी स्वतःला, चौथी समोरच्याला, तोच पास: माझ्या उजव्या हातून त्यांच्या डाव्या हाती आणि तसंच उलट. माझे पास त्यांना पोचतात. त्यांचे माझ्या डोक्यावरून जाऊन कपाटावर आदळतात. "वर बघ! हातांकडे काय बघतेस, हात कुठं पळून चाललेत?" वर बघून उडी मारली, तेव्हाचं हे टेंगूळ. आई पातेल्याचं झाकण डोक्यावर धरून खोलीतून ये-जा करते. म्हणाली, "कपाळानं झेलायचं असतं होय गं?" मी भीत भीत म्हटलं, बाबा, जरा खाली टाका. तर म्हणाले, माझा पास बरोबर आहे, इतकी वर्षं कुणी तक्रार केली नाही. खरंच आहे. तो तुझ्या खांद्याशी येतो, दादा. तुझा खांदा जिथं, तिथं माझी टाळू संपते.

काल मी स्टुलावर उभी राहिले. सहाही दांडके सुरळीत फिरले, शिंपीसुद्धा गप्प. तू गेल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले. म्हणाले, "शाब्बास, लंबू!" (मला लंबू कुणी म्हणणार नाही, हे वेगळं सांगायला नको.) मग ते बसलेच. आई झाकण ठेवून आत गेली. मला स्टुलावरून उतरावं कसं ते कळेना.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा कर. (इथं बंदी नाही.) आईचे आशीर्वाद. बाबांचेही असावेत, विचारायचं धाडस झालं नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. लिहायचं खरं कारण राहिलंच. तू आता समोर उभा राहणार नाहीस, एवढं बाबांना एका ओळीत कळव, म्हणजे ते खाली टाकतील.

आणखी एक. वरचं कळवू नकोस. पाकीट चिकटवायच्या आत आज बाबांनी आपणहून स्टूल बाजूला सरकवलं आणि पास टाकला. नेमका माझ्या हातात आला. पुढचेही आले. मला आनंद व्हायला हवा होता. मग दारात कुणाची तरी पावलं वाजली, बाबांनी तिकडं पाहिलं आणि त्यांच्याच हातून दांडका पडला. पावलं शिंप्याची होती. बाबा स्वतःची बंदी मोडून "चुकलं" म्हणाले. माझ्याकडे बघून नाही. दादा, लवकर ये. त्यांचा हात माझ्या उंचीला पुरता बसला, तर तुला वाकून झेलावं लागेल, आणि कंबरेचं तू अजून काहीच कळवलेलं नाहीस.