खोबरेल घातलेलं रीळ

बाबा, आज सकाळी नातीने माझ्या हातात गळाच्या काठीचं एक नवंकोरं रीळ ठेवलं आणि तेव्हापासून माझं घरात लक्ष नाही. चहा उतू गेला, दाराशी भाजीवाली हाका मारून निघून गेली. हे ज्याला सांगावं असं माणूस एकच, आणि ते कधीचंच गेलं, म्हणून लिहायला बसले. नात इंग्लंडला नोकरीला असते. तिकडे काही हौशी लोक अजून तसल्या रिळावर मासे धरतात म्हणे. आत दाते नाहीत, चाकं नाहीत. मधे एक खिळा आणि त्यावर फिरणारं गोल, बस. मूठ एकदा फिरवली की गोलही एकदाच फिरणार, आणि माशाने दोरी ओढली तर त्याला आवरायला आपला अंगठा. तिला वाटलं, आजीला एक गंमत दाखवावी. मी कपाटाच्या वरच्या फळीवरून तुमचं लाकडी रीळ काढून शेजारी ठेवलं, त्यापाठोपाठ मामाने आणलेलं ॲल्युमिनियमचंही काढलं, तेव्हा तीच तोंडात बोट घालून बसली.

मग तुम्ही घ्यायचात तशीच तिघांची परीक्षा घेतली. बोटाने एक टिचकी मारायची आणि कोण किती वेळ फिरतं ते पाहायचं. तुमचं लाकडी थोडंसं फिरलं आणि पाठीमागच्या पितळी पत्र्याला घासून खर्र करून थांबलं. मामाचं बरंच फिरलं, थोडं थरथरत. आणि आजचं? त्याच्या खिळ्याभोवती बारीक पोलादी गोळ्या बसवल्या आहेत, सायकलच्या चाकात असतात तशा. टिचकी मारून मी आत गेले, देवापुढचं निरांजन सारखं करून आले, तरी ते आपलं फिरतंच आहे. आवाज नाही, थरथर नाही. "आजी, पुरे आता, चक्कर येईल," नात म्हणाली. मला चक्कर येत नव्हती. मला तुम्ही इथे हवे होतात, एवढंच वाटत होतं. तुम्ही त्याला टिचकी मारली असती, हात मागे बांधून ऐटीत उभे राहिला असतात, आणि जन्मात पहिल्यांदा तुम्हाला खोट काढायला जागा सापडली नसती.

ते लाकडी रीळ तुमच्या कचेरीतल्या साहेबाने दिलेलं. देश स्वतंत्र झाला, तो सामान आवरून विलायतेला निघाला, आणि जाताना काठीसकट तुमच्या हवाली करून गेला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तुम्ही ठाण्याच्या तलावपाळीच्या पायऱ्यांवर. कणकेत हिंग आणि गूळ घालून तुम्ही आमिष मळायचात आणि आई ओट्यापाशी नाक मुरडायची. "माशांचे लाड बघा. माझ्या वरणात चिमूटभर हिंग पडला तर म्हणतात जास्त झाला." पिशवी घेऊन मी बरोबर. मी कॉलेजात जायला लागले तरी मीच. पण काठी माझ्या हातात तुम्ही कधी दिली नाहीत. "पाहत राहा. पाहून पाहूनच येतं," म्हणायचात. मी पाहत राहायची. तुमचा अंगठा त्या गोलाच्या कडेवर कसा टेकतो, कधी दाबतो, कधी उचलतो, ते मला रोजच्या रस्त्यासारखं पाठ झालं होतं.

मग एका थंडीत गळाला तो भला मोठा कटला मासा लागला. तुम्ही त्याला पाहिलंत, मीही पाहिलं, पाण्यातून पाठ वर आली तेव्हा माझ्या हातातली पिशवी पडली. पण लाकूड पावसाळ्यात फुगलं होतं. ऐन ओढीत गोल पाठीला घासून अडकलं आणि दोरी तटकन तुटली. त्या दिवशी तुम्ही धड जेवला नाहीत. मामा बोटीवर इंजिनात काम करायचा. पुढच्या फेरीला त्याने ते चकचकीत ॲल्युमिनियमचं रीळ आणून स्वयंपाकघरातच तुमच्यापुढे ठेवलं. "भाऊजी, लाकूड पाणी पिणारच. हे घ्या, हे फुगत नाही की कुजत नाही." तुम्ही ते उलटंपालटं केलंत. "पत्र्याचं भांडं आहे रे हे. माशाचा जीव लाकडातून हाताला कळतो, यातून काय कळणार?" मामा हट्टाला पेटला. दोन्ही रिळं तिथेच फिरवून झाली. तुमचं थांबलं. मामाचं फिरत राहिलं ते आईची भाकरी थापून तव्यावर पडेपर्यंत. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "फिरतं चांगलं, पण जरा अतीच शहाणं दिसतंय."

पुढच्या थंडीत नौपाड्यातल्या त्या दोन खोल्या सोडून डोंबिवलीला स्वतःच्या घरात जायचं ठरलं. आई हरखून गेली होती, मीही. तुमचं मात्र एकच पालुपद, तो कटला काढल्याशिवाय मी ठाणं सोडणार नाही. "मग राहा तुम्ही तलावपाळीवरच, आम्ही निघतो," आई म्हणायची. हसत म्हणायची, पण तुम्ही हसत नव्हतात. सोमवारी ट्रक येणार, म्हणजे हातात एकच रविवार. शनिवारी संध्याकाळी तुम्ही बांधलेल्या बोचक्यांमध्ये बसून बराच वेळ लाकडी रीळ हातात धरलंत, मग ते बाजूला ठेवून मामाचं काठीला लावलंत. तुम्ही हरायला तयार झालात, पण माशापुढे नव्हे, मामापुढे, असं काहीसं मला वाटलं. "मशीनचं तेल दे गं," तुम्ही आईला म्हणालात. शिवणयंत्र खोक्यात, तेलाची बुधली त्याच्या पोटात, आणि वरून खिळे ठोकलेले. बाहेर राहिली होती ती खोबरेलाची बाटली, सकाळी वेण्या घालायला. "तेल ते तेल," म्हणत तुम्ही हात सैल सोडून ते ओतलंत. रीळ झक्कास फिरलं. सगळ्या खोलीला आमच्या केसांचा वास.

बाबा, आपल्या घरात पौषात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नसे. हे कोणाला माहीत नव्हतं? आईला, मला, तुम्हाला, मामाला, सगळ्यांना. पण दुपारच्या उन्हात पातळ झालेलं तेल पहाटेपर्यंत गोठणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सकाळी पायऱ्यांवर तुम्ही गळ टाकायला दोरी ओढलीत तेव्हा गोल जड फिरत होतं. "नवं आहे, जरा घट्टच असणार," म्हणालात. धुकं होतं. मामा वरच्या पायरीवर मफलर गुंडाळून बसला होता. दोरीला बांधलेलं, पाण्यावर तरंगणारं मोरपिसाचं देठ हलेना की डुलेना. आणि मग ते आडवं झालं आणि गेलं. काठी वाकली आणि वाकतच राहिली. दोरी ताणून गुणगुणायला लागली, आणि रीळ जागचं हलेना. लाकडी रिळात फटी होत्या, त्यात थोडं गोठलेलं तेल खपून गेलं असतं. हे इतकं नेमकं बसलेलं की तेवढं तेल लाखेसारखं धरून बसलं. "अडकलं," तुम्ही एवढंच म्हणालात. तो आवाज मी मागच्या थंडीतही ऐकला होता.

आणि मग तुम्ही जे केलंत ते आठवून मला आजही खुर्चीत बसवत नाही. रीळ दोरी देत नाही ना, मग तुम्हीच निघालात. काठी उंच धरून बुटांसकट एकेक पायरी उतरत पाण्यात. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मासा पुढे, तुम्ही मागे. मामा ओरडला, "भाऊजी, अहो बुडाल." मग पायऱ्या संपल्या. तुम्ही मागे वळून पाहिलंत. "ये गं. ये खाली, काठी धर." मी पदर खोचला आणि थंड पाण्यात शिरले. काठी पहिल्यांदा माझ्या हातात आली ती अशी, टोकाला एक अख्खा जिवंत मासा घेऊन. तुम्ही दोन्ही तळव्यांत रीळ धरलंत, गोठलेली बाटली आपण धरायचो तसं, आणि त्यावर फुंकर घालत राहिलात. खोबरेलाचा वास आला. गोल कुरकुरलं, किंचित सरकलं, आणि सुटलं. फिरती मूठ तुमच्या बोटांच्या पेरांवर फाडकन बसली, तुम्ही हात मागे ओढलात. "अंगठा!" तुम्ही ओरडलात, पण त्याच्या आधीच माझा अंगठा कडेवर गेला होता.

काय धावला तो, बाबा. तलावाच्या मध्यापर्यंत गेला. गोल अंगठ्याखालून भणाणत होतं, कातडी भाजत होती, आणि मला त्याच्या शेपटीचा प्रत्येक फटका कळत होता, लाकडातून नव्हे, त्या पत्र्याच्या भांड्यातून. दाबायचं, सोडायचं, गुंडाळायचं. मला सगळं येत होतं. शेवटी तो कुशीवर झाला आणि तुम्ही जाळी खाली घातलीत. तो जाळीत मावेना. वर मामा नाचत होता.

घरी आई कपाळाला हात लावून उभी. "कशात शिजवू? भांडी सगळी पोत्यात." मग शेजारच्या वहिनींनी त्यांचं मोठं पातेलं काढलं, मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत कालवण वाटलं गेलं, आणि आपण बोचक्यांवर बसून जेवलो. तुम्ही दोनदा भात घेतलात. डोंबिवलीला पाहुणे आले की तुम्ही हे सांगायचात, पेरांवरचा व्रण दाखवून. ऐकणारे म्हणायचे, "एवढा वर्षभर मनात धरून ठेवलेला मासा, आणि काठी लेकीच्या हातात दिलीत, कमाल आहे तुमची." तुम्ही पाण्याचं भांडं उचलून एक घोट घ्यायचात आणि माझ्याकडे पाहायचात. मी आत निघून जायची.

आज नातीनेही तेच म्हटलं, पणजोबा ग्रेट होते म्हणून. ते नवं रीळ तिघांत सरस आहे, हे तुम्हाला मान्य करावंच लागेल. पण मी त्यावर अंगठा टेकला आणि मला तलावपाळीचं पाणीच आठवलं. तो मासा सुटून मध्याकडे धावला ना, तेव्हा तुम्ही काठीसाठी हात पुढे केला होतात. सोललेला, रक्ताळलेला हात. मी तो पाहिला होता, बाबा. पाहिला आणि खांदा वळवला. काठी तुम्ही मला दिली नव्हतीत. मी ती सोडली नाही.