रिकामा रकाना

१ फेब्रुवारी १९९९, बारामती
आलो बुवा एकदाचा! इंदापूरची एसटी वेळेवर सुटली, दवाखान्यातली खोली हवेशीर, आणि कॉम्प्युटर तर नवा कोरा. डॉक्टर आप्पासाहेबांना पेशंटची माहिती वेब पानावर हवीय, म्हणजे फोनच्या तारेवरून भवानीनगरच्या शाखेतही दिसेल. तो प्रोग्रॅम मी लिहायचा. नर्स रोहिणीताईंनी चहा पाजला आणि बजावलं, की पेशंटच्या कागदावर ‘पेनिसिलिन चालतं का’ हा रकाना रिकामा असेल तर त्या आधी पेशंटला विचारतात, मगच सुई. या डायरीच्या पहिल्या पानावरही तसला रकाना आहे. मला पेनिसिलिन चालतं का, देव जाणे. कधी घेतलंच नाही. सोडला तसाच.

९ फेब्रुवारी
दर पानाला प्रोग्रॅम नव्यानं सुरू व्हायचा, तोवर चहा थंड! आता मी तो मेमरीत कायमचा बसवलाय. पान चुटकीसरशी येतं. एका पेशंटवर तपासून पाहिलं, झकास. आप्पासाहेबांनी पाठ थोपटली. आहेच मुळी मी हुशार.

२ मार्च
काल शेळगावच्या भामाबाई गेल्या. पेनिसिलिनच्या सुईनं. पडद्यावर ‘चालतं’ होतं, असं रोहिणीताई रडून सांगताहेत. भामाबाईंच्या कागदावर मात्र रकाना रिकामा.
प्रोग्रॅम आता पानागणिक संपत नाही. आणि मी आधीच्या पेशंटचं उत्तर पुसतच नव्हतो. पुढच्याचा रकाना रिकामा असला, की जुनंच उत्तर त्याच्या नावावर दिसायचं. पुसायची एक ओळ. एकच! ती आज घातली. कुणाला बोललो नाही.

५ मार्च
आप्पासाहेबांनी मला विचारलं. मी भामाबाईंचं पान उघडून दाखवलं, रकाना रिकामा. पडदा खोटं दाखवत नाही, असं आईची शपथ घेऊन सांगितलं. रोहिणीताईंना काढलं.
भामाबाईंचे मालक म्हस्कूआबा पायरीवर बसले होते. म्हणाले, तिला निस्तं इचारायचं की वो, ल्हानपणी सुई टोचली तवा अंग सुजलं हुतं, तिनं सांगितलं असतं. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी मला आशीर्वाद दिला. लाज वाटते माझी मला.

११ मार्च
रिकाम्या रकान्यांत पुन्हा ‘चालतं’. माझी ओळ जागेवर आहे. मशीन बंद करून चालू केलं, तरी तेच. भर दुपारी वायर उपसली. काळ्या पडद्यावर — चालतं.
नव्या नर्सला, निकिताला, सगळं रिकामंच दिसतं.

१५ मार्च
पायात खिळा घुसला. जखम चिघळली, ताप. आप्पासाहेबांनी पेनिसिलिन सांगितलंय. दवाखान्यातच खाटेवर. डायरीचं पहिलं पान उघडलं — सोडलेल्या रकान्यात ‘चालतं’. अक्षर माझं. मी लिहिलेलं नाही —
निकितानं माझं पान उघडलं. म्हणाली, चालतं असं दिसतंय. या वेळी तिलाही. मी म्हटलं थांब. ती हसली — पडदा खोटं दाखवत न्हाय, तुमीच आप्पासाहेबांना सांगितलंवतं ना.
सुई भरतेय. जीभ टाळूला चिकटलीय. इथं लिहून दाखवतो तिला —
रोहिणीताईंचा दोष नव्हता. चूक माझी. भामाबाईंना मी मारलं. पडद्यावर जाऊ नकोस. मला पेनिसिलिन चालतं — नाही, मी ‘ठाऊक नाही’ लिहितोय — निकिता, मला पेनिसिलिन चालतं चालतं चाल