वाघोबाचा वाटा

नारपोली, भिवंडी
डिसेंबर १९९४

प्रिय अवधूत,

तुझा फोटो पाहिला. पाहिला म्हणजे पाहावाच लागला. आमच्या दवाखान्यातला पट्टीबंधक विठू, त्याने तो पेपरातून कापून औषधांच्या कपाटावर चिकटवलाय. म्हैस घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो अभिमानाने सांगतो की हे साहेब आमच्या बाईंच्या वर्गात होते. बेशुद्ध बिबट्याचं डोकं तू मांडीवर घेतलंयस, गळ्यात स्टेथोस्कोप, चेहऱ्यावर काळजी. काळजी तुला शोभून दिसते, पहिल्यापासून दिसते. औषध काढायला मी दिवसातून दहादा त्या कपाटापाशी जाते आणि दहादा माझ्या पोटात दुखतं. विठूला वाटतं, बाईंना पित्ताचा त्रास आहे.

फोटोखालची बातमीही वाचली. डोंगरपट्टीत, गावांच्या आसपास फिरणारे बिबटे पकडून तुझ्या राष्ट्रीय उद्यानातल्या पिंजऱ्यांत ठेवायचे, म्हणजे गुराढोरांचे रोग त्यांना लागणार नाहीत, अशी तुझी योजना आहे म्हणे. सुरुवात आमच्या बाजूच्या डोंगरापासून. म्हणजे पायथ्याच्या आदिवासी पाड्याच्या वरच्या रानात राहणारी मादी आणि तिची दोन पिल्लं. हे पत्र तिच्याबद्दल आहे. लिहिता लिहिता माझ्याबद्दल जरा जास्तच होईल, ते तू सांभाळून घे.

कॉलेजात असताना आपण ठरवलं होतं की म्हशींच्या मागे आयुष्य घालवायचं नाही. रानातल्या जनावरांना डॉक्टर नसतो, तो आपण व्हायचं. माझे मार्क तुझ्यापेक्षा जास्त होते, हे मी आठवण म्हणून लिहीत नाही, नुसतं लिहितेय. ब्याऐंशी साली उद्यानातल्या जागेच्या मुलाखतीला आपण दोघंही गेलो. मला त्यांनी विचारलं, लग्न झाल्यावर काय करणार, रानात एकट्या कशा राहणार. तुला विचारलं, कधीपासून रुजू होता. बाहेर आल्यावर तू म्हणालास, तुझ्याशिवाय मला या नोकरीचा आनंद नाही. मी ते खरं मानलं. पुढच्या महिन्यात तू रुजू झालास आणि वर्षभरात अनसूयेशी लग्न केलंस. खरं सांगते, अनसूयेचा मला कधी हेवा वाटला नाही. लग्नाला आले, जिलब्या चापून खाल्ल्या, तिला कुंकवाचा करंडा दिला. पण नंतर तू पत्रात लिहिलंस की सकाळी चहा पिताना व्हरांड्यातून सांबरांचा कळप दिसला, त्या दिवशी मी जेवले नाही.

मला भिवंडी मिळाली. खोलीच्या दोन्ही अंगांना कापडाचे लूम खडखडत असतात. शिफ्ट बदलताना जी काय शांतता मिळते तेवढ्यात पत्रं लिहायची, म्हणून माझी पत्रं तुटक असतात, रागावलेली नसतात. निदान सगळी नसतात. अंजूर-मानकोलीकडच्या तबेल्यांतून माणसं सायकली दामटत येतात, “मॅडम, जल्दी चलो, भैंस का बच्चा अटक गया है,” आणि मी निघते. खांद्यापर्यंत हात म्हशीच्या पोटात घालून मी तुझ्या सांबरांचा विचार केलेला आहे. म्हशीने त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

या सगळ्यात माझं आपलं असं एकच काम होतं, डोंगराखालच्या पाड्यावर लस घेऊन जायचं. तिथली गुरं आणि रानातली जनावरं एकाच ओहोळावर पाणी पितात. गुरांना लाळ-खुरकूत झाली की ती भेकरांपर्यंत जाते, पाड्यातलं कुत्रं पिसाळलं की रानातलं कोल्हं पिसाळतं. गुरं राखली की रान राखलं जातं, हे मी तुला शिकवायला नको. फक्त त्यात रानातलं जनावर कधी दिसत नाही. दिसतात ती गुरं, गोचिड्या आणि शेणाने भरलेल्या आपल्याच चपला.

पाड्याची एक रीत आहे, ती तुला गेल्या वर्षी कळली, पण अर्धीच. ढोर मेलं की तिथे कोणी ते पुरत नाही. डोंगराच्या पायथ्याशी शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आहे, तिथे नेऊन ठेवतात. तो वाघोबाचा वाटा. वाटा पोचला की तो जिवंत गुरांना हात लावत नाही, आणि बिबट्या काय, वाघ काय, त्यांच्या लेखी दोन्ही वाघोबाच. गेल्या वर्षी काळपुळीने मेलेला बैल असाच ठेवला गेला, आणि तो खाऊन ओहोळाकाठी बिबट्याचा नर मेला. मला बैलाचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. मीच तुला तार करून बोलावलं. तू जीप घेऊन आलास, मेलेल्या बिबट्याच्या कानातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतलास, सोबत आणलेल्या पेपरवाल्यांना सांगितलंस की गावकऱ्यांचं अज्ञान वन्यजीवांच्या मुळावर उठलंय, आणि ऊन उतरायच्या आत निघून गेलास. तेवढा वेळ मी तुझी बॅग धरून उभी होते. बातमीत मी ‘एक स्थानिक कर्मचारी’ झाले.

तू गेल्यावर पाडा माझ्याशी बोलेना. त्यांच्या देवाला त्यांनीच मारलं, असं मी बोलावलेला साहेब सगळ्यांदेखत म्हणाला होता. लस टोचायला कोणी दावं सोडेना. मी जायची, झाडाखाली बसायची आणि बर्फाच्या डब्यातल्या लशी तशाच परत आणायची. तू तेव्हा नागपूरला कुठल्याशा परिषदेत भाषण करत होतास, विषय गुरांपासून वन्यप्राण्यांना होणारे रोग. तेही पेपरात वाचलं. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण भाषण चांगलं होतं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर वाघबारस झाली आणि लगेच बुधीची गाय मेली. बुधी विधवा आहे, भातशेतीचा तुकडा आणि मजुरी यांवर जगते, दावणीला ही गाय आणि एक पाडी. लस टोचलेली असती तर गाय जगली असती, हे मला तिच्याकडे बघताना सारखं डाचत होतं. मी पोचले तेव्हा माणसं गाय फरफटत दगडाकडे निघालीच होती. नाकातून काळं रक्त वाहत होतं, गोठलेलं नव्हतं. काळपुळीच होती, कानातला थेंब तपासायला न्यायची गरजच नव्हती. मी वाट अडवून उभी राहिले. नवशा म्हणून तिथला भगत आहे, तो म्हणाला, “वाटा हाय त्याचा, डाक्तरीणबाय. न्हाय दिला तर तो सोता घ्याया येल. मंग बुधीची पाडी गेली तर तू भरून देशील?”

मी जंतू सांगितले, रोग सांगितला, गेल्या वर्षीचा नर सांगितला. पालथ्या घड्यावर पाणी. वरच्या रानात मादीची पिल्लं आता मांस खाण्याजोगी झाली होती, आणि हे मांस त्यांच्यापर्यंत जायला एक संध्याकाळ पुरेशी होती. मग काय सुचलं कोण जाणे, मी नवशाला सोडून बुधीला विचारलं, सणाला देवापुढे ताट मांडतेस ते कधी नासलेलं मांडलंयस का. तिने गाय ओढायचा दोर माणसांच्या हातातून काढून घेतला. मग नवशाला म्हणाली, “नासल्यालं ताट देवाम्होरं न्हाय मांडायचं. माझी गाय हाय, मी पुरनार.”

खोल खड्डा खणला, चुना टाकला, वर काटेरी फांद्या रचल्या. पण वाट्याचं काय, हा प्रश्न राहिलाच. बुधीने आपला कोंबडा आणला आणि दगडाकडे नेण्याआधी माझ्यापुढे धरला, बघून सांग म्हणाली. हसू नकोस, मी त्याला खरंच स्टेथोस्कोप लावला, चोच उघडून पाहिली, पंखांखाली पाहिलं, आणि सगळ्या पाड्यासमोर सांगितलं की हा निरोगी आहे. आता ती रीतच पडली आहे. वाघोबाचा वाटा आधी डाक्तरीणबायला दाखवायचा, तिने नको म्हटलं की पुरायचा आणि त्याच्या बदली दुसरं काही द्यायचं. त्याच आठवड्यात पाड्यातल्या सगळ्या गुरांना लस टोचून झाली, नवशाने स्वतः दावी धरली.

पुढे एकदा नवशाने मला ओहोळावर नेऊन चिखलातले ठसे दाखवले. मादीचे, आणि मागेपुढे नाचल्यासारखे दोन पिल्लांचे. मी तिथे उकिडवी बसून राहिले. आनंद झाला, नाही कशाला म्हणू, पण त्या आनंदातसुद्धा तू होतास. मनात आलं, हे अवधूतने पाहिलं असतं तर उद्या छापून आलं असतं. पुरलेल्या गाईचा फोटो कोण काढणार, आणि न मेलेल्या बिबट्याची बातमी कोण देणार. तुला फोटो मिळाला, जंगल मिळालं, व्हरांडा मिळाला. मला तुझा हेवा वाटतो, अवधूत, रोज वाटतो, आणि तो जावा म्हणून मी कुठल्याही देवाला काही बोललेले नाही.

आता पत्राचं कारण. तुझ्या योजनेवर स्थानिक पशुवैद्यक म्हणून माझं मत वरून मागवलं होतं, त्याशिवाय आमच्या हद्दीतलं जनावर हलवता येत नाही. ते मी आज सकाळी पाठवलं. ठशांवरून मादी आणि पिल्लं निरोगी दिसतात, पाड्यातल्या गुरांना लस टोचलेली आहे, वाटा तपासल्याशिवाय दगडापाशी जात नाही, सबब या कुटुंबाला पकडण्यास माझा विरोध आहे, असं लिहिलं आहे. बातमी तुला ऑफिसातून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून हे लिहिते आहे. तू म्हणशील, सुचेता जळते म्हणून आडवी आली. जळते, हे तर वर लिहिलंच आहे. पण मी मत लिहायच्या आधी स्वतःला विचारलं, या योजनेखाली दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर काय लिहिलं असतंस. शब्द न् शब्द हेच लिहिलं असतं. फक्त लिहिताना इतकं बरं वाटलं नसतं. तू ये, जरूर ये, पिंजरा न घेता ये. नवशा तुला ओहोळापर्यंत नेईल आणि ठसे दाखवील. ती मादी मला अजून एकदाही दिसलेली नाही. तुलाही दिसू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुझीच, काय करणार,
सुचेता