झऱ्यावरचं चेस्टनट

व्हालबेल, सेव्हेन डोंगर
४ ऑक्टोबर १९६४

चि. आबेल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. समुद्रापार माँत्रेआलमध्ये बसून तू बाबांसारखा जाड झालास म्हणे. फोटो पाठव, मला हसायला काहीतरी हवंय.

आपलं चेस्टनटचं रान आजारी आहे. सालीवर नारिंगी फोड येतात, खोडाला वेढा घालतात, आणि वरची फांदी भर उन्हाळ्यात वाळते. बुरशी आहे म्हणतात. शेजारच्या एलिझेने सगळी झाडं कापून कारखान्याला विकली. लाकूड कुजायच्या आत तूही विक, असं तो रोज सुनावतो. रान निम्मं तुझं, म्हणून विचारते, तोडू का? सकाळी धुक्यात झाडं अजून आईच्या वेळेसारखीच दिसतात. धुकं विरेपर्यंत मी दारात उभी असते.

लोभ आहे तेवढा ठेव, थोडा वाढव.
तुझी ताई, सिदोनी

माँत्रेआल
२ नोव्हेंबर १९६४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तोड. मेलेल्या झाडांना कोण कवटाळून बसतं? एलिझेशी लग्नाला नाही म्हणालीस ती या रानासाठीच, असं तो मला उगाच लिहीत नाही. इथे ये. कधीकधी झोपेत मला चेस्टनट वाळवायच्या खोलीतल्या धुराचा वास येतो आणि मी खिडकी उघडायला उठतो. बाहेर नुसता बर्फ असतो.

रागावू नये, माया असू द्यावी.
आबेल

व्हालबेल
२० सप्टेंबर १९६८

चि. आबेल यास अनेक आशीर्वाद.

रान तोडलं का, हे तू पुन्हा विचारलं नाहीस, मीही लिहिलं नाही. तोडलं नाही. पुष्कळ झाडं मेली. पण झऱ्यावरच्या झाडाचे फोड सुजून थांबले, खालून नवी साल आली. एक संशोधक बाई येऊन ती खरवडून घेऊन गेली. तिच्या मते त्या बुरशीलाच आजार जडलाय, म्हणून तिचा जोर गेला. आता ती दुबळी बुरशी आम्ही दोघी बाकीच्या झाडांच्या फोडांभोवती भोकं पाडून भरतो, म्हणजे तिथल्या बुरशीलाही तो आजार लागतो. सगळीकडे लागत नाही. लागतो तिथे पालवी टिकते. काल एलिझे येऊन बराच वेळ वर बघत राहिला.

आठवण काढत जा.
तुझी ताई

माँत्रेआल
६ ऑक्टोबर १९६८

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र लेकीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, झाड आजारी, बुरशीही आजारी, मग बरं कोण आहे? आत्याला विचारू म्हटलं. विमानाची तिकिटं काढली आहेत.

बाकी भेटीअंती.
आबेल