दाराजवळचं पिंप

३ मार्च

झालं! बाबांनी दाराजवळच्या पिंपावरही खडूनं गोल काढला. म्हणजे तेही आमच्या खास पांढऱ्या वाईनमध्ये जाणार.

आजोबांपासूनचा नियम — चव घेताना तळघरात कुणी तोंड उघडायचं नाही. बाबा काचेच्या नळीनं वाईन काढतात, हुंगतात, थोडी माझ्या पेल्यात ओततात, मग खडू. गोल म्हणजे घ्यायचं, फुली म्हणजे बाजूला.

आणि या पिंपाला वास होता! कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा, शिळा. बूच सैल राहून आत हवा गेली असणार. मी नाक मुरडणारच होते. पण बाबा टक लावून माझ्याकडे बघत होते — आई गेल्यापासून बघतात तसे, केविलवाणे. कसलं सांगतेय! मी आपली हसले. मेलं हे हसू!

४ मार्च

दादाला सांगितलं. तो विक्री बघतो, वाईनमधलं विकण्यापुरतंच कळतं त्याला. "बाबांच्या नाकापुढे तुझं नाक? सर्दी झाली असेल तुला!"

सर्दी नाही. पुन्हा खाली जाऊन हुंगून आले.

६ मार्च

आजही बोलले नाही. भागूबाई!

७ मार्च

उद्या गोलवाली सगळी पिंपं एका टाकीत. आहेत मोजकीच. त्यात हे एक मिसळलं की वर्षभराच्या कष्टांची माती.

जेवताना धीर केला. "बाबा, दाराजवळचं पिंप पुन्हा एकदा बघू या का?"

चमचा खाली. "खूण केली ना मी?"

दादा ताटात डोकं घालून बसला. मला इतका राग आला — दोघांचाही, आणि माझा सगळ्यात जास्त.

८ मार्च

ओतलं. दाराजवळच्या पिंपाचा नळ मीच उघडला. दादा म्हणतो, "बघ, कोसळलं का आभाळ?"

टाकीतल्या वाईनचा पेला त्याच्या नाकाखाली धरला. सफरचंद! साहेबांनी तोंड वाकडं करून पेला परत दिला.

९ मार्च

बाबांना टाकीपाशी नेलं. पेला हातात दिला आणि सरळ सांगून टाकलं — बाबा, वाईन नासली. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेला नाकाशी नेला, न चाखताच खाली ठेवला. मग पायरीवर बसले.

"तुझ्या आईच्या आजारपणातच माझं नाक गेलं गं. कसलाच वास येत नाही. तेव्हापासून तुझा चेहरा बघूनच खूण करतोय मी."