पेटीवरची जागा

३ जून १९३६, ओयेम गावाजवळ
प्रभूच्या कृपेने सासरी सुखरूप पोहोचले. माझे यजमान बिबांग मला पोहोचवून लाकूडतोडीच्या कामावर परत गेले. बाळंतपण इथेच होणार. घर नीटनेटकं आहे. परसात केळी, कसावा भरपूर. विकत काही आणायला नको. मोठी जाऊ, ओबोने तिचं नाव, सुईणपण जाणते. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, म्हणून पोट पाहून म्हणाली, काय गं शाळावाली, पोर बाहेर येताच हजेरी घेणार का? हसून हसून पुरेवाट.

९ जून
मामंजींनी वाटीभर पामतेल मागितलं. त्यांच्या खोलीत झाडाच्या सालीची गोल पेटी आहे, वर लाकडी मूर्ती बसवलेली. तिला चोळायला! बायकांनी ती पाहायची नसते, पण झाडताना दिसलीच. कपाळ भलं मोठं, आखूड पाय खाली सोडलेले, पितळी डोळे. थेट तान्हं मूल. एवढ्या तेलात आठवडाभराचं कालवण होतं. मला पटत नाही.

१५ जून
पाद्रीबाबांनी बजावलं, ज्या घरात मूर्ती, त्या घरच्या बाळाला बाप्तिस्मा नाही. माझं बाळ प्रभूवाचून राहणार? मामंजी नदीवर गेले तेव्हा मीच मूर्ती उचलून पाद्रीबाबांना दिली. त्यांनी ती मिशनच्या अंगणात जाळली. विझेपर्यंत तेल गळत होतं. मन हलकं झालं.

१६ जून
मामंजी ओरडले नाहीत. म्हणाले, पोरी, एवढी शिकलीस, हे नाही शिकलीस? देव ती नव्हतीच. वाडवडिलांच्या कवट्या पेटीत आहेत. तू जाळलास तो राखणदार. ओबोने कपाळ बडवून म्हणाली, बाई गं, ती जागा रिकामी राहत नसते.

२१ जून
पेटीचं झाकण सरकलेलं. मी लावलं. पुन्हा सरकलं. माझ्या पोटाला पामतेलाचा वास येतो. साबणाने धुतलं. जात नाही.

२४ जून, संत योहानाचा सण
बाळ फिरत नाही. ओबोनेने पोट चाचपलं नि हात काढून घेतला. म्हणाली, बसलंय. ताठ. पाय सोडून—

२८ जून
मुलगा. श्वास चालतोय, पण रडला नाही. डोळे मिटलेले. पुसते, अंग पुन्हा तेलकट. पुसते—

२९ जून
पाद्रीबाबा आले. बाप्तिस्म्याचं पाणी कपाळावर ठरेना. तेलावरून ओघळून गेलं. एक थेंबही— मामंजी दारातून म्हणाले, बाबा, कशाला दमता—

३० जून
बाळ चटईवर नाही. मामंजी म्हणतात, मी हात लावला नाही—
पेटीवर बसलाय. मान धरलेली. झाकण घट्ट.
हे प्रभू, माझं आहे ते. उचलते, हलत नाही—
हाक मारली. वळला. डोळे उघडतो आहे. पितळी—