सुरंगीच्या साइटवर गेलेले आप्पा

आप्पा, तुम्ही गेल्यानंतर चार वर्षांनी मी तुम्हाला तीन वेळा सुरंगीच्या साइटवर पाठवलं. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नव्हतं. आता माझी साठी जवळ आलीय, गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून बसल्या बसल्या सगळं या पत्रात सांगून टाकते.

तुम्ही धुळ्याकडून सिल्वासात आलात तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते आणि रंग, प्लास्टर, गळती म्हटलं की लोक तुमचंच नाव घेत. तुमची एक खोड मात्र मला अजिबात आवडायची नाही. खोली रंगवून झाली की दाराआड वीतभर जागा तुम्ही तशीच सोडायचात. तिथे आधी जुनी भिंत, मग बोटभर लांबी म्हणजे पुट्टी, मग बोटभर प्रायमर, मग रंगाचा एक हात, अशा पायऱ्या दिसायच्या. मी नववीत असताना डोकमर्डीच्या आमच्या मास्तरीणबाईंचं घर तुम्ही रंगवलंत. बाई मूळच्या कोकणातल्या, जिभेला हाड नाही. भर वर्गात म्हणाल्या, "काय गो, तुझ्या वडिलांचा रंग संपला की काय? दाराआड ठिगळ ठेवून गेलेत." सगळा वर्ग हसला. त्याच संध्याकाळी उरलेला डबा घेऊन मी बाईंकडे गेले आणि ते ठिगळ रंगवून टाकलं. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही जेवत होतात. घास खाली ठेवलात. "तुले कोनी सांगं व्हतं?" एवढंच विचारलंत. मग हात धुऊन म्हणालात, "उद्या दुसरा कोणी कारागीर येईल ना, त्याले कळाले पाहिजे का खाली काय आहे. आपन झाकून पळून जायचं नाही." आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मला तेव्हा राग आला होता, माझं चुकलं असं मुळीच वाटलं नव्हतं.

तुम्ही गेलात आणि काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात कसलं, मला ते हवंच होतं. पण बाईमाणूस बघून लोक माझ्या पाठीमागे डोकवायचे. "ठेकेदार कुठेय?" कंपन्यांचे बंगले, गेस्ट हाउस, सगळी मोठी कामं वापी-मुंबईचे लोक घेऊन जात. माझ्या वाट्याला नरोलीतल्या भाड्याच्या खोल्या. एक भाडेकरू सकाळी गेला की दुसरा संध्याकाळी सामान घेऊन दारात, त्यामधल्या वेळेत चुना मारून द्यायचा. चार वर्षं मी तेच केलं. तुमचे जुने कारागीर एकेक करून दुसरीकडे निघाले होते. मोठं काम मिळालं नाही तर धंदा बंद करून कारखान्यात पॅकिंगला जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्याच सुमारास नाक्यावर सायबर कॅफे निघाला. तो चालवणारा माणूस माझ्याच वयाचा, बोलायला गोड. म्हणाला, "ताई, मुंबईचे शेठ लोक आता कॉम्प्युटरवर बघतात. तुमचं एक पान बनवू. तिथे कोण तुमच्या पाठीमागे डोकवणार?" ते मला पटलं. आईची एकच अट होती, "नाव त्यांचंच राहील." राहिलं. प्रश्न होता फोटोंचा. दुसऱ्यांच्या पानांवर नुसत्या चकचकीत भिंती, कोणाची कोणती ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. माझ्याकडे दाखवण्यासारखं मोठं काम एकही नव्हतं. तेव्हा मला बाईंच्या दाराआडची ती जागा आठवली.

बाई दार धरून उभ्या आहेत. मी खाली बसून पट्टीनं खरवडतेय. माझा रंग तर फुंकर मारल्यासारखा निघतोय, कारण मी खाली पॉलिश पेपरसुद्धा मारला नव्हता. पापुद्रे पडतात आणि खाली तुमच्या पायऱ्या, बोट बोट अंतरावर, जशाच्या तशा. मला हसूही येतंय आणि डोळेही भरतायत. बाई म्हणतात, "रडतेस कशाला? फोटो काढ." काढला, आणि तोच एक पानावर लावला.

दोन महिन्यांनी मुंबईहून मेल आला. नरोलीत कारखाना असलेले एक शेठ विचारत होते, दाराआड हे काय आहे? आणि हे प्रत्येक कामात करता का? त्यांना अधिकाऱ्यांचे बंगले आतून-बाहेरून नवे करून घ्यायचे होते, सगळेच्या सगळे. मी मराठीत उत्तर सांगितलं, बाईंचा पत्ताही दिला, कॅफेवाल्यानं इंग्रजी केलं, आणि खाली तुमचं नाव घातलं. पानावर तेच होतं ना! शेठ बाईंचं घर बघून थेट आपल्या दारात आले. "बेन, साहेब क्यां छे?" आता मेलेल्या माणसाच्या नावानं पत्र लिहिलं हे कोणत्या तोंडानं सांगू? माझ्या तोंडून निघून गेलं, "सुरंगीला, साइटवर." दुसऱ्यांदा आले, तरी तुम्ही सुरंगीलाच. तिसऱ्यांदाही. सुरंगीच्या रानात एवढं काय बांधत होतात कोण जाणे. आई आतून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

मग कागदावर सही करायचा दिवस आला. त्यांच्या ऑफिसात मी पेन उचललं आणि तुमचं नाव काही लिहवेना. म्हटलं, काम गेलं तर गेलं. "शेठ, ते चार वर्षांपूर्वी वारले. भिंत त्यांची आहे. काम मी करते." शेठ खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "बेन, ए तो तमारी टीचरे पहेले दिवसेज कीधुं हतुं. मैं देख रहा था, आप कब बोलती हैं." म्हणजे बाईंनी घर दाखवतानाच सगळं सांगून टाकलं होतं. मग म्हणाले, "साहेबका काम दिवार पे देखा. आपका भी देखा. नरोलीमें चार कमरे खुलवाए, चारोंमें दरवाजेके पीछे वो पट्टी थी. भाडेके कमरेमें कौन करता है?" आप्पा, मी करत होते. कधीपासून ते माझं मलाच आठवत नाही. मी पाणी मागितलं, अख्खा ग्लास प्यायले आणि माझं नाव लिहिलं.

ते बंगले झाले, त्यावरून दमणचं गेस्ट हाउस आलं, मग वापीची कॉलनी. पॅकिंगला जावं लागलं नाही. तुमच्या कारागिरांपैकी दोघे परत आले. माझं बरं चाललं, आप्पा, खरंच बरं चाललं.

आता राहिलेलं एकच. सही केली त्या संध्याकाळी मी कॅफेत गेले. दुसऱ्या दिवशी पानावर तुमच्या नावाच्या जागी माझं नाव होतं. आईला मी सांगितलं, कॉम्प्युटरवाल्याच्या हातून चुकून पुसलं गेलं, आता परत येत नाही. नव्वदी ओलांडली तरी ती अजून त्या भल्या माणसाला शिव्या घालते. हे पत्र तुमच्या फोटोमागेही ठेवता यायचं नाही, तिथली धूळ ती रोज स्वतः पुसते. कॅफेवाल्यानं मला दोनदा विचारलं होतं, "ताई, नक्की काढू?" दोन्ही वेळा मी हो म्हटलं, आणि घरी येताना मला इतकं हलकं वाटत होतं की तुमची आठवणसुद्धा झाली नाही.